मावशीला लेख कळला नाही, त्याला भाषा कारण नाही

बार्शीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "अँटिबायोटिक लागू पडेनाशी होतात, या विषयावर मी मराठीत तीनदा लेख लिहिला. पहिला संपादकांनी 'जड आहे' म्हणून परत केला. शब्द बदलून दुसरा लिहिला, तोही परत आला. तिसरा मावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'लिहिलंयस चांगलं, पण मला काय कळलं नाही बघ.' आता भाषा आणखी किती सोपी करायची? इंग्रजी शब्द ठेवायचे की मराठी? आणि सोपं करण्याच्या नादात चुकीचं लिहिलं गेलं तर?"

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे. २००३ पासून इथल्या एका दैनिकात आठवड्याला एक विज्ञानाचा लेख लिहिते. सातशे शब्दांची चौकट, वाचक म्हणजे चहाच्या टपरीवर पेपर चाळणारे, बचतगटातल्या बाया, डाळिंबवाले शेतकरी, शाळेतले मास्तर. माझा अनुभव तेवढ्यातलाच आहे. दिवाळी अंकात तीन हजार शब्द लिहायचे असतील किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी लिहायचं असेल, तर यातलं निम्मं लागू होणार नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही तिन्ही लेखांच्या सुरुवाती पाठवल्यात ते फार बरं केलंत. पहिल्याची अशी: "प्रतिजैविकांच्या अविवेकी वापरामुळे जीवाणूंमध्ये प्रतिरोधक्षमता विकसित होत आहे." हे जड आहे, यात वाद नाही. पण तिसऱ्याची सुरुवात बघा: "अँटिबायोटिक वाटेल तशी घेतल्यामुळे त्यांचा बॅक्टेरियांवर परिणाम होईनासा झाला आहे." यात अवघड शब्द कुठला आहे? एकही नाही. तरी मावशी म्हणते कळलं नाही. म्हणजे अडचण शब्दांत नाही. तुम्ही शब्द बदलत राहिलात, कारण आपल्याला कॉलेजात तेवढंच शिकवलेलं असतं, की अवघडाच्या जागी सोपा शब्द घातला की झालं सुलभीकरण.

मावशीला विचारून बघा, "गोळी लागू का पडत नाही?" मी पैज लावते, ती म्हणेल, "शरीराला सवय होते रे गोळीची." आमच्याकडे दहातले आठ जण हेच सांगतात. दारूची सवय होते, झोपेच्या गोळीची होते, तशी हिचीही होते. चित्र तयार आहे, त्यात तिला काही खटकत नाही. तुमचं वाक्य त्या चित्रावर जाऊन आदळतं आणि घरंगळतं. तुम्ही बोलताय बॅक्टेरियाबद्दल आणि ती ऐकतेय शरीराबद्दल. "परिणाम होईनासा झाला" हे शब्द दोन्हीकडे बसतात, त्यामुळे ती तुमचा लेख स्वतःच्या चित्रात बसवायला बघते, थोडं पुढं गेल्यावर तो बसत नाही, आणि मग "काय कळलं नाही बघ".

म्हणून माझी पद्धत अशी की लिहायला बसण्याआधी तीन माणसांना गाठायचं आणि विचारायचं, "हे कशामुळं होतं असं तुम्हाला वाटतं?" उत्तर चूक असलं तर जास्त चांगलं. लेख तिथून सुरू करायचा. वाचकाचं डोकं कोरी पाटी असतं हा आपला, म्हणजे शिकवणाऱ्या लोकांचा, जुना गैरसमज आहे. त्या पाटीवर आधीच काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा बऱ्यापैकी तर्कशुद्ध असतं.

एक इथलंच उदाहरण देते. उजनी म्हणजे आमच्या सोलापूरला पाणी देणारं धरण. उन्हाळ्यात आमच्या पेपरांत रोज चौकट येते, "उजनी उणे अमुक टक्के". २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली होती. आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "उणं म्हणजे पाणी संपून वर कर्ज झालं का?" मला हसू आलं. पण घरी येऊन विचार केला, तर त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. पाणी उणं कसं असेल? भांड्यात शून्याच्या खाली काही नसतं. आणि आम्ही पेपरवाले वर्षानुवर्षं हा आकडा छापत होतो, एकदाही न सांगता की शून्याची खूण भांड्याच्या तळाला नाही, मधेच कुठंतरी आहे.

मग लेख असा लिहिला. उजनीत एकूण मावतं ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) जरा वर. त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं, आपोआप बाहेर न येणारं पाणी, आणि त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी उपयुक्त. टक्के मोजतात ते फक्त या वरच्या भागाचे. वरचा भाग संपला की शून्य. त्याखाली पाणी उतरलं की तेच ५३.५७ चं माप उलटं लावतात. म्हणजे उणे ५० टक्के याचा अर्थ मृतसाठ्यातले २६.८ टीएमसी गेले आणि साधारण ३७ टीएमसी अजून आत आहे. ते उपसायला दुबार पंपिंग लागतं, म्हणून आपल्या नळाला पाणी आणखी एक दिवस लांबतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, हे मी लिहिलं आणि नंतर खोडलं. कोटी लिटर कुणाच्याच डोळ्यांपुढं येत नाही. त्याऐवजी घरातलं पाण्याचं पिंप घेतलं, ज्याची तोटी बुडापासून बरीच वर, निम्म्याच्याही वर बसवली आहे. तोटीतून पाणी यायचं थांबलं की घरात कुणी "पाणी संपलं" म्हणत नाही, पिंप कलतं करतात किंवा तांब्या घालून काढतात. एवढ्यावर काकूंचं काम झालं.

त्या लेखात एक मोह मी आवरला, तोही सांगते, कारण तुम्हालाही असे मोह पडणार. उणे ५० ला उजनीत उरलेलं पाणी ३७ टीएमसी, आणि पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९ टीएमसीच्या आसपास. काय झकास वाक्य झालं असतं! "उणे पन्नास टक्के उजनीतही पुण्याच्या भरलेल्या चार धरणांहून जास्त पाणी." पण त्या ३७ मध्ये गाळाचाही वाटा आहे. धरण १९८० चं, इतक्या वर्षांचा गाळ तळाशीच बसणार. कागदावर पाण्याचा म्हणून जो आकडा आहे, त्यातलं पाणी किती आणि चिखल किती हे न सांगता ती तुलना छापणं म्हणजे वाचकाला फसवणं. आणि सांगत बसले असते तर सातशे शब्दांत दुसरं काही मावलं नसतं. वाक्य गेलं केराच्या टोपलीत. अजून हळहळ वाटते.

आता तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, चुकीचं लिहिलं गेलं तर काय. कारण यावर मी स्वतः आपटले आहे.

सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, अक्षांश साधारण १७.७. त्यामुळं वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली लपते. एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळांना सुट्टी, म्हणून मी ऑगस्टचा मुहूर्त धरून शून्य सावलीवर लेख लिहिला. पृथ्वीचा कललेला अक्ष, सूर्याचं उत्तरायण-दक्षिणायन, सगळं दोनदा तपासलं. आणि शेवटी लिहिलं, "दुपारी बारा वाजता अंगणात उभे राहा."

त्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन. "बाई, ढग पण बाजूला झालेत, ऊन पडलंय, पन्नास पोरं मैदानात उभी केलीत, आणि सावली आहे की! चांगली वीतभर आहे." मी पदार्थविज्ञानाची बाई. माझ्या कानशिलापासून गरम झालं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, सोलापूर ७५.९ वर. फरक ६.६ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथं सूर्य डोक्यावर यायला सव्वीस मिनिटं उशीर. वर ऑगस्टमध्ये पृथ्वीचा कललेला अक्ष आणि लांबट कक्षा यांच्यामुळं आणखी सहा मिनिटं. खरी वेळ बारा बत्तीसच्या पुढं-मागं. हे सगळं मी वर्गात फळ्यावर सोडवून दिलेलं आहे! त्यांना म्हटलं, "सर, अजून वीस मिनिटं थांबवा पोरांना." ते म्हणाले, "आता नाही थांबायची ती, खिचडीची वेळ झाली."

यातून मी जे शिकले ते असं, की चूक अवघड भागात होत नाही. अवघड भाग आपण घाबरून चारदा तपासतो. चूक होते ती आपण बोलण्याच्या ओघात टाकतो त्या साध्या शब्दात. "दुपारचे बारा" हा मराठी माणसासाठी वेळेचा आकडाच नाही, तो डोक्यावरच्या उन्हाचा समानार्थी शब्द आहे. म्हणून तो लिहिताना हाताला काही खटकलंच नाही. तेव्हापासून मजकूर पूर्ण झाला की मी पेन्सिल घेऊन "नेहमी", "सगळे", "पूर्ण", "लगेच", "फक्त" अशा शब्दांखाली रेघा मारते आणि प्रत्येकाला विचारते, तू खरा आहेस का? तुमच्या विषयात तर हे फारच सांभाळा. "व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही" हे खुशाल लिहा, ते तसंच आहे. पण "ताप आला तर अँटिबायोटिक घेऊ नका" असं लिहिलंत आणि न्यूमोनियाचा पेशंट घरी बसला तर? "डॉक्टरांनी लिहून दिली तरच, आणि सांगितली तितके दिवस" एवढंच म्हणा. किती दिवसांचा कोर्स योग्य, यावर डॉक्टरांमध्येच मतं बदलत आहेत, तिथं आपण न्यायाधीश होऊ नये.

आणि चूक झालीच तर पुढच्या आठवड्यात त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात सांगायची, कारणासकट. माझ्या "बारा वाजता"च्या दुरुस्तीला जेवढी पत्रं आली तेवढी मूळ लेखाला आली नव्हती. लोकांना आपलं घड्याळ आणि आपला सूर्य यात अर्ध्या तासाचं अंतर आहे, हेच मुळात माहीत नव्हतं. खरं तर लेख तिथूनच सुरू करायला हवा होता.

आता शब्दांचा प्रश्न, मराठी की इंग्रजी. यावर मराठीत भांडणं खूप होतात आणि मला त्यात फारसा रस नाही. मी बघते की त्या वस्तूशी ज्याचा रोजचा संबंध आहे तो तिला काय म्हणतो. डाळिंबवाला "तेल्या" म्हणतो, कारण पानाफळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा ओला डाग दिसतो. 'जीवाणूजन्य करपा' असं छापलंत तर तो पान उलटेल, आणि शब्द म्हणूनही 'तेल्या' जास्त नेमका आहे, त्यात लक्षण आलं. औषधाच्या दुकानात कुणी प्रतिजैविक मागत नाही. अँटिबायोटिक म्हणतात, नाहीतर "पावरची गोळी". जीवाणू आणि विषाणू हे शब्द तुम्हाला-मला स्वच्छ वेगळे वाटतात, पण पेपर वाचणाऱ्याला दोन्ही "णू" एकाच गावचे वाटतात. मी बॅक्टेरिया आणि व्हायरस लिहिते आणि एकदा कुठंतरी मराठी शब्द देऊन ठेवते. उलट गुरुत्वाकर्षण, दुर्बीण, भिंग हे शब्द मुरलेले आहेत, तिथं ग्रॅव्हिटी लिहिणं हा शुद्ध आळस.

पण शब्द चांगला असूनही घात करतो, हे जास्त महत्त्वाचं. 'कृत्रिम पाऊस' घ्या. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं सोलापूरच्या परिसरात ढगांवर प्रयोग केला. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून जागा आपली निवडली. २७६ ढग निवडले, काहींत विमानातून कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले आणि दोघांची तुलना केली. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की वाऱ्याच्या पुढच्या दिशेला १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. आमच्याकडं बातमीचं शीर्षक झालं "कृत्रिम पावसाने १८ टक्के वाढ", आणि दुसऱ्या दिवशी रिक्षावाला मला विचारतो, "मॅडम, मग दरवर्षी विमान का उडवत नाहीत? दुष्काळच मिटला."

त्याची चूक काय? 'कृत्रिम' म्हणजे माणसानं बनवलेला. शब्दच सांगतोय की नव्हता तो पाऊस तयार केला. प्रत्यक्षात ढग आधी लागतो, तोही पाणी धरलेला. निरभ्र आकाशात विमान फिरवलं तर इंधन जळेल, थेंब पडणार नाही. म्हणून मी 'मेघबीजन' घेतला, ढगात बी पेरणं. वाटलं, शेतकरी वाचक आहे, झालं काम. तर बी म्हटल्यावर लोकांना वाटू लागलं की पेरलेल्या कणातून पाणी उगवतं! शेवटी दोन्ही सोडून स्वयंपाकघरात गेले. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? ते पाणी मिठानं तयार केलेलं नसतं, हवेत होतंच, मिठानं ओढून घेतलं. कॅल्शियम क्लोराईड हा तसलाच, त्याहून हावरा क्षार. ढगातले बारीक थेंब इतके हलके असतात की खाली पडत नाहीत. हा कण भोवतालचं पाणी ओढून जरा मोठा थेंब करतो, मोठा थेंब लहानांना पोटात घेत खाली येतो. आणि १८ टक्के म्हणजे काय? जिथं दहा मिलिमीटर पडला असता तिथं, ढोबळमानानं, पावणेबारा-बारा. ज्या दिवशी ढगच नाही त्या दिवशी शून्याचे १८ टक्के. रिक्षावाल्याला हे शेवटचं वाक्य सगळ्यात पटलं.

म्हणजे बघा, उपमा निवडताना मी दोन गोष्टी तपासते. वाचकाला ती वस्तू हाताळून माहीत आहे का, आणि ती उपमा कुठं मोडते. बरणीचीही मोडते. बरणीत थेंब पडत नाही, नुसतं ओलं होतं. तेवढं एका वाक्यात सांगून टाकायचं. न मोडणारी उपमा मला अजून सापडलेली नाही.

उपमेच्या दिशेबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात एका कारखान्यात मी एकदा चादरीचा माग बघायला गेले होते. मोराची चादर चालली होती. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते दोऱ्यानं एकमेकांना ओवलेले, माळेसारखे, आणि माळ टप्प्याटप्प्यानं फिरते. पत्त्यावर जिथं भोक तिथं सुई आत जाते आणि तिचा उभा धागा उचलला जातो. भोक नाही तिथं धागा खाली राहतो. मधून धोटा जातो, आडवा धागा पडतो, पुढचा पत्ता येतो. एका आडव्या धाग्याला एक पत्ता. मोराच्या एका पिसाऱ्याला किती पत्ते लागले असतील ते माळ बघूनच समजत होतं. फ्रान्समध्ये जकार्ड नावाच्या विणकरानं ही युक्ती १८०४ च्या सुमारास बसवली, आणि भोक पाडलेल्या पत्त्यांवरच १८९० ची अमेरिकेची जनगणना मोजली गेली, तिथून गाडी संगणकापर्यंत आली.

मी उत्साहानं लेख लिहिला: संगणक शून्य आणि एक वापरतो, ही भाषा अशी असते, तशी असते, आणि शेवटच्या परिच्छेदात 'गंमत म्हणजे आपल्या सोलापुरी चादरीच्या मागातही हेच तत्त्व आहे.' ज्यांच्या कारखान्यात गेले होते त्यांना अंक नेऊन दिला. त्यांनी वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "हे शेवटचं कळलं. तेवढंच आधी का नाही लिहिलं?" बरोबर होतं त्यांचं. ज्या माणसानं तीस वर्षं शून्य आणि एक हातानं ओवले, त्याला मी शून्य आणि एक म्हणजे काय ते समजावत बसले होते आणि त्याचं ज्ञान शेपटाला गंमत म्हणून लावलं होतं. पुढं तोच विषय पुन्हा लिहिला तेव्हा पत्त्यापासून सुरुवात केली, आणि उपमा जिथं मोडते तिथं मुद्दाम थांबले: माग कधी स्वतः ठरवत नाही की 'धागा तुटला असेल तर हा पत्ता गाळू'. संगणकाला 'असं असेल तर तसं' म्हणता येतं. खरा फरक तिथं आहे, आणि तो कारखानदारालाच आधी दिसला असता.

इतकं सांगून झाल्यावर तुमच्या लेखाकडं येते. मी काय करेन ते सांगते, तुमचं तुम्ही ठरवा.

पहिलं वाक्य मावशीचं. "गोळीची शरीराला सवय होते, असं आपण म्हणतो." पुढं लगेच तिला चूक ठरवू नका. सवय झाली असती तर काय दिसलं असतं ते विचारा. ज्यानं आयुष्यात कधी ती गोळी घेतली नाही, त्याच्या शरीराला सवय कशी असेल? तरीही त्याला ती लागू पडत नाही, असं दवाखान्यात घडतं. मग सवय कुणाला झाली? इथं वाचक स्वतः थांबतो आणि पुढं वाचतो. तुमचा सगळा लेख या एका प्रश्नाच्या बळावर चालेल.

मग शेतात जा. बार्शीकडचा वाचक म्हणजे घरात कुणीतरी फवारणी केलेली असणारच. एकच औषध सलग मारलं की काही हंगामांनी कीड दाद देत नाही, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तोही "किडीला सवय झाली" म्हणतो, आणि इथं तुम्हाला बारीक काम आहे. एकाच किडीला सवय होत नाही. हजारोंत मोजक्या आधीपासूनच चिवट असतात. फवारणीनं बाकीच्या मेल्या, चिवट उरल्या, त्यांना रान मोकळं मिळालं, पुढची पिलावळ त्यांचीच. औषधानं चिवटपणा शिकवला नाही, निवडला. 'निवडला' या शब्दावर लेखात एक पूर्ण परिच्छेद खर्च करा, घाई करू नका. बाकी इतिहास-भूगोल दोन ओळींत उरका. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या डोसाच्या धोक्याचा इशारा दिला होता, ही एक ओळ मी ठेवेन. जागतिक समस्या, गंभीर आव्हान वगैरे सगळं काढेन.

किडीपेक्षा बॅक्टेरिया किती घाईत असतात हे दाखवायला एक हिशोब द्या. अनुकूल परिस्थितीत काही बॅक्टेरिया वीस मिनिटांत दुप्पट होतात. रात्री अकराला एक असला तर सकाळी सहाला एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे २०,९७,१५२. मावशीला हा आकडा वाचून दाखवू नका. तिच्याकडून पहिले सात-आठ दुप्पट तोंडी करून घ्या, दोन, चार, आठ, सोळा, आणि मग म्हणा, अजून रात्रीचे दोनही वाजले नाहीत. मात्र "अनुकूल परिस्थितीत" हे दोन शब्द गाळू नका. शरीरात त्यांना इतकं मोकळं रान मिळत नसतं.

लेख झाला की पुन्हा तिलाच वाचून दाखवा, पण "कळलं का?" असं विचारू नका. आपल्याकडं माणसं भिडस्त, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात. तुमची मावशी तशी नाही हे तुमचं नशीब, तिला जपा. तिला म्हणा, "आता हे तू शेजारच्या काकूंना सांग बघू." आणि गप्प बसून ऐका. ती जिथं अडखळेल तिथं तुमचं वाक्य लंगडं आहे. ती जिथं स्वतःचा शब्द घालेल, तो शब्द उचला. उजनीच्या लेखातलं पिंप मला असंच मिळालं, काकूंकडून. मी आधी 'टाकी' लिहिलं होतं.

आणि एक. बऱ्याच अँटिबायोटिक गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं त्याची मोहीमही काढली होती. मावशीच्या औषधांच्या डब्यात असं एखादं अर्धवट संपलेलं पाकीट नक्की असेल. ते तिच्या हातात द्या आणि विचारा, "ही लाल रेघ कशाची गं?" ती जे उत्तर देईल ते लेखाचं दुसरं वाक्य करा, आणि चौथा लेख मला पाठवा.